तांब्याचं ॲल्युमिनियमशी का पटत नाही?

१. पिळलं आणि टेप मारली, तर काय बिघडतं?

घराच्या किंवा शेतातल्या मोटरीच्या वायरिंगचं काम निघालं की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच. खांबावरून आलेली केबल ॲल्युमिनियमची, आतली वायर तांब्याची. दोन्ही विजेच्या चांगल्या वाहक. मग टोकं सोलायची, एकमेकांवर पिळायची, वर टेप मारायची. एवढ्यात का भागत नाही? जाणता वायरमन मान हलवतो. "आज चालेल, साहेब. दोन पावसाळ्यांनी जोड जळेल." का जळेल, असं विचारलं तर "या दोघांचं जमत नाही" इतकंच उत्तर मिळतं.

वायरमनचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. त्यामागचं कारण मात्र एक नाही, चार आहेत. ती समजली की रॉकेटच्या इंधनटाक्या जोडायला वापरतात ते फ्रिक्शन स्टर वेल्डिंगचं तंत्र विजेच्या साध्या जोडासाठी कशाला हवं, हेही समजतं.

२. दोन्ही धातू हवेतच कशाला?

सगळं तांब्याचंच का करत नाही, हा रास्त प्रश्न आहे. उत्तर वजनात आणि पैशात आहे. एक मीटर लांबीची, १०० चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची पट्टी घ्या. तिचं वजन सुमारे ९०० ग्रॅम भरतं. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या साधारण दीडपटीहून थोडा जास्त, म्हणून तेवढाच प्रवाह तेवढ्याच सहजतेने न्यायला १५८ चौरस मिलिमीटरची जाडजूड पट्टी लागेल. पण ॲल्युमिनियम इतकं हलकं की त्या जाड पट्टीचं वजन ४३० ग्रॅमच्याही आत राहतं. म्हणजे काम तेच आणि वजन निम्म्याहून कमी. शिवाय किलोमागे ॲल्युमिनियमचा भाव तांब्यापेक्षा बराच खाली असतो. खांबावरच्या तारा ॲल्युमिनियमच्या असतात त्या यामुळे.

उलट जिथे जागा कमी असते तिथे तांबं जिंकतं: मोटरीचं वाइंडिंग, स्विचगिअर, कंट्रोल पॅनल. तेव्हा विजेच्या वाटेवर कुठे ना कुठे तांब्याची हद्द संपून ॲल्युमिनियमची सुरू होणारच. भानगड त्या हद्दीवर होते.

३. हद्दीवर काय काय घडतं

पहिलं कारण ऑक्साइड. ॲल्युमिनियम खरवडून चकचकीत केलं तरी हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची क्षणार्धात प्रक्रिया होते आणि वर काही नॅनोमीटर जाडीचा थर बसतो. हा थर वीज वाहू देत नाही. बोल्ट आवळताना तो ठिकठिकाणी फुटतो आणि त्या फटींतून धातूला धातू भिडतो. वरून पाहता दोन पट्ट्या पूर्ण टेकलेल्या दिसतात, पण प्रवाह जातो तो अशा मोजक्या ठिपक्यांतून. विद्युतसंपर्काचं शास्त्र रचणाऱ्या रॅग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने आयुष्यातली कित्येक वर्षं या ठिपक्यांच्या अभ्यासात घालवली.

दुसरं कारण प्रसरण. तापमान एका अंशाने वाढलं की ॲल्युमिनियम दर मीटरला २३ मायक्रॉन वाढतं, तांबं १७. दहा सेंटिमीटरचा जोड ६० अंशांनी तापला तर दोघांच्या वाढीत ३६ मायक्रॉनचा फरक पडतो. आपल्या नजरेला हा फरक क्षुल्लक, पण संपर्काच्या ठिपक्यांच्या हिशोबाने तो प्रचंड असतो. दुपारी भार वाढला की पट्ट्या एकमेकींवर घासत सरकतात, रात्री परत येतात, आणि उघड्या पडलेल्या प्रत्येक ठिपक्यावर नवा ऑक्साइड चढतो.

तिसरं कारण ॲल्युमिनियमचा मऊपणा. सततच्या दाबाखाली ते हळूहळू सरकत जातं, याला क्रीप म्हणतात. आज करकचून आवळलेला नट काही महिन्यांनी सैल वाटतो तो त्यामुळे. तो पुन्हा करकचून आवळणं हा यावरचा उपाय नव्हे, त्याने ॲल्युमिनियम आणखी चेपतं. म्हणून अशा जोडात स्प्रिंगसारखा दाब धरून ठेवणारे बशीच्या आकाराचे वॉशर घालतात.

चौथं कारण ओलावा. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले आणि मध्ये ओल असेल, तर ती चक्क एक छोटी बॅटरीच झाली. या बॅटरीत झिजतं ते ॲल्युमिनियम. कोकण किनाऱ्यावर हवेत मीठही असल्यामुळे हा प्रकार झपाट्याने होतो. जोडाभोवती पांढरी भुकटी जमलेली दिसते ती ॲल्युमिनियमच्या झिजेची. जुने लाइनमन उघड्यावर जोड करताना शक्यतो ॲल्युमिनियम वर आणि तांबं खाली ठेवतात. तांब्यावरून ओघळणारं पावसाचं पाणी तांब्याचे क्षार बरोबर घेऊन ॲल्युमिनियमवर पडलं की ते चरत जातं, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

आता थोडी आकडेमोड. गावातली २०० केव्हीएची डीपी पाऊण भारावर चालत असेल तर प्रत्येक फेजमधून साधारण २०० ॲम्पियर जातात. जोडात निर्माण होणारी उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. चांगल्या जोडाचा रोध १० मायक्रोओहम धरू: २०० गुणिले २०० गुणिले ०.००००१, म्हणजे ०.४ वॉट. हाताला जाणवणारही नाही. तोच जोड बिघडून रोध एक मिलिओहमवर गेला की उत्तर येतं ४० वॉट. एका बोल्टच्या डोक्याएवढ्या जागेत ४० वॉट! जोड तापला की ऑक्साइड वाढतो, ऑक्साइड वाढला की रोध वाढतो, रोध वाढला की जोड आणखी तापतो. इन्सुलेशन वितळून जळका वास येतो तेव्हा हे चक्र बरंच पुढे गेलेलं असतं. आणि एक मिलिओहम म्हणजे ओहमचा हजारावा भाग. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध त्याच्या कित्येक पट असतो, त्यामुळे त्याने असा जोड तपासणं व्यर्थ. त्यासाठी मायक्रोओहममीटर लागतो किंवा चालू भारावर जोडाच्या दोन बाजूंतला मिलिव्होल्टचा फरक मोजावा लागतो.

अमेरिकेने हा धडा महागात घेतला. १९६० च्या दशकात तांबं महागलं तेव्हा तिथे घराघरांत ॲल्युमिनियमच्या वायरी टाकल्या गेल्या. वायरी ठीक होत्या, पण जोड दगा देऊ लागले. पुढे तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगासाठी झालेल्या पाहणीत आढळलं की १९७२ पूर्वी अशा वायरिंगने बांधलेल्या घरांत एखादा तरी जोड आगीच्या धोक्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता तांब्याच्या वायरिंगच्या घरांपेक्षा ५५ पट होती.

४. मग वितळवून एकजीव का करू नये?

सुचायला हा उपाय सोपा आहे. बोल्ट नको, ठिपके नकोत, फटही नको. सरळ वेल्डिंग करा. पण ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि तांबं १०८५ ला. तांबं वितळेपर्यंत थांबलात तर तोवर ॲल्युमिनियमचं पाणी होऊन वाहून गेलेलं असतं. त्यात दोन्ही धातू उष्णता भराभर पसरवतात, त्यामुळे एका जागी ताप टिकवणंही अवघड.

त्याहून मोठी अडचण रसायनात आहे. वजनाने सुमारे एक तृतीयांश तांबं आणि बाकी ॲल्युमिनियम असं मिश्रण ५४८ अंशांनाच वितळतं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या वितळणबिंदूच्याही शंभरहून अधिक अंश खाली. शिवाय तापलेल्या सीमेवर दोघांचे अणू एकमेकांत शिरून ठरावीक प्रमाणात बांधले जातात. कुठे ॲल्युमिनियमचे दोन अणू आणि तांब्याचा एक, कुठे एकास एक, कुठे चारास नऊ. ही आंतरधातू संयुगं. ती धातूंपासून बनलेली असली तरी धातूसारखी वाकत नाहीत, कडकन तुटतात.

या संयुगांबद्दल एक गैरसमज माहितगार लोकांतही आढळतो, म्हणून इथे थोडं थांबू. ती वाईट वाहक आहेत, म्हणून जोड तापतो, असं सांगितलं जातं. संयुगांचा रोध तांब्यापेक्षा जास्त असतो हे खरंच. चारास नऊवाल्या संयुगाचा तर जवळजवळ आठपट. पण हिशोब करून पाहा. थर दोन मायक्रॉन जाडीचा असेल तर त्याने वाढवलेला रोध सोळा मायक्रॉन जाडीच्या तांब्याइतका. सोळा मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचाही एक अंश! वीतभर लांबीच्या बसबारमध्ये, म्हणजे प्रवाह नेणाऱ्या जाड पट्टीत, तो शोधूनही सापडणार नाही. खरा धोका ठिसूळपणाचा आहे. थर जाड झाला की गरम-थंड होण्याच्या ओढाताणीत त्याला तडे जातात. तडा गेला की तेवढ्या जागेतून वीज जात नाही, सगळा प्रवाह उरलेल्या जागेत दाटतो आणि तिथून पुढे बोल्टच्या जोडाचीच गत होते.

थर अजिबात नसेल तर दोन धातू मुळात जोडलेच गेलेले नाहीत. म्हणून तो हवा, पण एक-दोन मायक्रॉनच्या आसपास. त्याची वाढ दोन गोष्टींवर ठरते: किती ताप आणि किती वेळ. ठरावीक तापमानाला थर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे दुप्पट जाड व्हायला चौपट वेळ लागतो. तापमानाचं तसं नाही, ते थोडं चढवलं तरी वाढीचा वेग कितीतरी पटींनी चढतो. तेव्हा कारागिरासमोरचं कोडं असं: न वितळवता जोडायचं, पुरेसं तापवायचं, आणि लगेच थंड होऊ द्यायचं.

५. केंब्रिज, १९९१

या कोड्याचं उत्तर इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूट या संस्थेत सापडलं. तिथे वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये फ्रिक्शन स्टर वेल्डिंगचं पेटंट दाखल केलं. तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः ॲल्युमिनियम होतं, तांब्याशी त्याची सोयरीक जुळवणं नंतर आलं.

हत्यार दिसायला अगदी साधं. रुंद खांदा आणि त्याच्या मधोमध खाली निघालेली आखूड पिन, बस. जोडायच्या दोन पट्ट्या एकमेकींना भिडवून खाली लोखंडी आधारावर घट्ट पकडतात. हत्यार मिनिटाला काही शे ते दीड-दोन हजार फेऱ्यांनी फिरवत पिन सांध्यात उतरवतात. खांदा वरच्या पृष्ठभागावर टेकला की घासून उष्णता तयार होते. ॲल्युमिनियम चार-पाचशे अंशांपर्यंत तापतं, वितळत मात्र नाही, तिंबलेल्या कणकेसारखं मऊ होतं. मग फिरतं हत्यार सांध्यावरून पुढे सरकू लागतं. पिन समोरचा मऊ धातू ओढून आपल्याभोवती फिरवून मागे टाकते, आणि खांदा तो वरून दाबून बसवतो. दोन उंड्यांची कणीक एकत्र मळली की मधली रेघ नाहीशी होते, तसंच इथेही होतं. ऑक्साइडचा थर या मळणीत फुटून विखुरतो आणि आतला ताजा धातू ताज्या धातूला भिडतो. ना ज्योत, ना ठिणग्या, ना धूर.

या मळणीचा वेग बघा. हत्यार मिनिटाला १००० फेऱ्या फिरतंय आणि मिनिटात ६० मिलिमीटर सरकतंय. म्हणजे एका फेरीला ते फक्त ०.०६ मिलिमीटर पुढे जातं. वेल्डवर नखाच्या कोरीसारख्या अर्धगोल रेघा एकामागोमाग उमटलेल्या दिसतात, त्यांच्यामधलं अंतर हेच. आता खांद्याचा व्यास १८ मिलिमीटर असेल तर सांध्यावरचा कुठलाही बिंदू त्याच्याखाली किती वेळ राहील? मिनिटाला ६० म्हणजे सेकंदाला एक मिलिमीटर, तेव्हा अठरा सेकंद. वेग दुप्पट केला तर नऊ. वेळ आपल्या हातात राहतो तो असा.

तंत्र लवकरच फोफावलं. २०१२ च्या आयमॅक संगणकाच्या पातळ कवचाचा पुढचा आणि मागचा भाग याच तंत्राने जोडला होता. स्वीडनमध्ये वापरलेलं अणुइंधन जमिनीखाली पुरण्यासाठी पाच सेंटिमीटर जाडीच्या भिंतींचे तांब्याचे डबे ठरवले गेले आणि त्यांची झाकणं बसवायला ओस्करशाम्न इथल्या प्रयोगशाळेत हीच पद्धत विकसित केली. म्हणजे निव्वळ ॲल्युमिनियम जमतं आणि निव्वळ तांबंही जमतं. दोघांचा एकमेकांशी जोड मात्र अजूनही नाजूक काम आहे.

६. पिन कुठे आणि तांबं कुणीकडे?

फिरणाऱ्या हत्याराच्या दोन बाजू सारख्या नसतात. एका बाजूला फिरण्याची आणि पुढे सरकण्याची दिशा एकच असते, दुसऱ्या बाजूला उलट. पहिलीला आपण पुढची बाजू म्हणू, दुसरीला मागची. धातू पुढच्या बाजूकडून ओढला जाऊन मागच्या बाजूने वळसा घेत पिनच्या पाठीमागे जाऊन बसतो. तांबं टणक, सहज न वाहणारं. ते मागच्या बाजूला ठेवलं तर वळसा नीट पुरा होत नाही आणि वेल्डच्या पोटात लांबच लांब पोकळी राहते. म्हणून बहुतेक जण तांबं पुढच्या बाजूला ठेवतात.

दुसरी युक्ती म्हणजे पिन सांध्याच्या मध्यावर न ठेवता मिलिमीटर-दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या बाजूला सरकवायची. मग ती मुख्यतः मऊ ॲल्युमिनियम मळते आणि तांब्याची कड फक्त खरवडून ताजी करते. पिन तांब्यात खोल घुसली तर तांब्याचे मोठे तुकडे ॲल्युमिनियममध्ये ढकलले जातात, प्रत्येक तुकड्याभोवती संयुगाचं कवच तयार होतं आणि वेल्ड ठिसूळ होतो. असा वेल्ड मधोमध कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर चंदेरी आणि तांबूस पट्ट्यांची भोवऱ्यासारखी नक्षी दिसते. छायाचित्रात ती फार सुंदर दिसते. वेल्डर मात्र ती पाहून कपाळाला हात लावतो, कारण ती जितकी दाट तितका जोड वाकवण्याच्या चाचणीत लवकर तुटण्याची भीती.

पट्ट्या एकावर एक ठेवायच्या असतील तर ॲल्युमिनियम वर आणि तांबं खाली. पिनची लांबी अशी ठरवतात की ती ॲल्युमिनियम पार करून तांब्याला जेमतेम शिवेल. इथे मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक महागात पडते: पिन कमी पडली तर तांबं जोडलं जात नाही, जास्त गेली तर वर सांगितलेली नक्षी. त्यामुळे यंत्र भक्कम हवं. काही मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांसाठीही हत्यार अर्ध्या-एक टनाच्या जोराने दाबून धरावं लागतं.

आणि शेवटी हत्यार वर उचललं की पिनच्या जागी भोक राहतं. साध्या हत्याराने ते टाळता येत नाही. पट्टी मुळातच थोडी लांब घेऊन भोकाचा तुकडा कापून टाकणं, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

७. हा जोड तुम्हाला कुठे भेटतो

इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत ही गरज सगळ्यात निकडीची झाली आहे. लिथियम-आयन सेलच्या आत धन बाजूची पत्री ॲल्युमिनियमची असते आणि ऋण बाजूची तांब्याची. यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही. धन बाजूच्या व्होल्टेजला तांबं विरघळू लागतं आणि ऋण बाजूला ॲल्युमिनियम लिथियमशी संयोग पावून भुसभुशीत होतं. सेल एकामागे एक जोडायचे म्हणजे एकाचं धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला, म्हणजेच ॲल्युमिनियम तांब्याला! सुमारे ३५० व्होल्टच्या बॅटरीत ९६ सेल ओळीने असले तर मध्ये ९५ जोड येतात. प्रत्येक जोडाचा रोध नुसता ०.१ मिलिओहम धरला तरी २०० ॲम्पियरला चार वॉट, आणि ९५ जोडांचे मिळून ३८० वॉट. एवढी ऊर्जा चाकाला न मिळता बॅटरीच्या पेटीत उष्णता होऊन बसते, आणि बॅटरीला उष्णता सोसत नाही.

पण अर्धा टन जोर आणि चारशे अंश ताप प्रत्यक्ष सेलवर कोण देणार? म्हणून तांबं-ॲल्युमिनियमचा जोडतुकडा आधी वेगळा बनवतात. मग सेलच्या ॲल्युमिनियमच्या टोकाला त्याची ॲल्युमिनियमची बाजू आणि तांब्याच्या टोकाला तांब्याची बाजू जोडतात, म्हणजे सेलजवळ सजातीय जोडच करावा लागतो. बसबारचंही तसंच. पातळ पत्र्यांना अल्ट्रासॉनिक किंवा लेसर वेल्डिंग सोयीचं पडतं आणि तिथे फ्रिक्शन स्टरचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. काही मिलिमीटर जाडीच्या, सरळ रेषेत जोडायच्या, शेकड्यांनी बनवायच्या पट्ट्या असतील, तर माझ्या मते याच्याइतकं भरवशाचं तंत्र दुसरं नाही.

घरातल्या कामासाठी अर्थात असलं यंत्र कुणी आणणार नाही, आणि त्याची गरजही नाही. याच तंत्राचा वडील भाऊ म्हणावा असा एक प्रकार इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो: बायमेटॅलिक लग. यात तांब्याचा तुकडा आणि ॲल्युमिनियमची कांडी एकमेकांवर जोराने फिरवून, दाबून, न वितळवता जोडलेली असतात. ॲल्युमिनियमच्या नळीत केबल क्रिंप करायची आणि तांब्याची चपटी बाजू स्विचच्या तांब्यावर बसवायची. हातात घेऊन पाहिलं तर पांढरट नळी आणि तांबूस पट्टी यांच्यामध्ये स्पष्ट रेघ दिसते. नुसता वरून मुलामा दिलेली थिंबल म्हणजे बायमेटॅलिक लग नव्हे.

तेव्हा मीटरजवळ किंवा मोटरीच्या स्टार्टरमध्ये ॲल्युमिनियमची केबल तांब्याला जोडली जाणार असेल, तर वायरमनकडे बायमेटॅलिक लग मागा आणि नळीत ऑक्साइडरोधक पेस्ट भरूनच क्रिंप करायला सांगा. दर पावसाळ्यानंतर जोडाचा रंग काळवंडला आहे का, भोवती पांढरी भुकटी जमली आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून पाहून घ्या. तसं दिसलंच तर नट आवळून भागवू नका, लग कापून नवा बसवून घ्या.